सोमवारची नोकरी, रविवारची कविता

करिअरची ओढ आणि स्वतःसाठी हवा असलेला वेळ यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न संगणक आणि मोबाइलच्या युगाने निर्माण केला, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात हा प्रश्न जवळपास एकशेचाळीस वर्षे चर्चेत आहे. गिरणी कामगारांनी त्यासाठी सभा घेतल्या, कवींनी त्यासाठी आठवड्याच्या बैठका ठरवल्या, नाटककारांनी त्यावर नाटके लिहिली. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर या गावाशी नाते असलेल्या एका साहित्यिक घराण्याच्या दोन पिढ्यांत या प्रश्नाची वेगवेगळी रूपे पाहायला मिळतात. आजच्या नोकरदारालाही त्यातून बरेच काही घेण्यासारखे आहे.

'फावला' म्हणजे काय?

कामातून मोकळ्या झालेल्या वेळाला मराठीत 'फावला वेळ' म्हणतात. 'फावणे' म्हणजे साधणे, संधी मिळणे. 'त्याचे चांगलेच फावले' या प्रयोगात तोच अर्थ आहे. म्हणजे फावला वेळ हा योगायोगाने हाती लागलेला वेळ. काम लवकर आटोपले, साहेब रजेवर गेले, गाडी उशिरा आली, की तो फावतो. त्याच्यावर कोणाचा हक्क नसतो आणि त्याचा भरवसाही धरता येत नाही.

याउलट शेतीच्या संस्कृतीत विसाव्याला दिवस ठरवून दिलेला होता. सातारा-सांगली भागात आषाढात येणारा बेंदूर हे त्याचे ठळक उदाहरण. त्या दिवशी बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्यांना न्हाऊ-माखू घालतात, शिंगे रंगवतात, गोडधोड खाऊ घालतात. पेरणी मागे पडली म्हणून बेंदूर पुढे ढकलला जात नाही. गावची यात्रा, आठवड्याचा बाजार, सणवार हे सारे असेच दिनदर्शिकेत पक्के बसलेले असत. विश्रांती ही काम संपल्यावर उरणारी गोष्ट नसून कामाच्या आधी ठरणारी गोष्ट आहे, हे तत्त्व त्यामागे होते. गिरणी आणि कचेरी आली, तेव्हा हे तत्त्व मोडले. ते परत मिळवण्यासाठी झगडावे लागले.

रविवार मिळवावा लागला

आज 'संडे' हा शब्द उच्चारताना त्यामागच्या लढ्याची आठवण क्वचितच होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापड गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या. त्यातून तयार झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. दर रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातग्रस्तांना भरपाई या त्यातील प्रमुख मागण्या होत्या.

मागणी मान्य व्हायला सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथील रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. रविवार हा महाराष्ट्राच्या लोकदैवताचा, खंडोबाचाही वार. गोऱ्या साहेबाच्या चर्चचा दिवस म्हणून ओळखला जाणारा रविवार मराठी कामगाराने असा आपला करून घेतला. १८९१ च्या कारखाने कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचे बळ दिले. पुढे १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास आणि १९४६ मध्ये ४८ तास अशी मर्यादा खाली आली. ४८ तासांची दुरुस्ती मांडली गेली, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याची सूत्रे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होती. त्यांच्या शालेय शिक्षणाचा प्रारंभ साताऱ्यातला, हेही या संदर्भात आठवावे.

सुटीचा दिवस हाती आला. त्याचे करायचे काय, हा प्रश्न पुढच्या पिढीपुढे आला.

रहिमतपूरचे कानेटकर

रहिमतपूर हे कोरेगाव तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. पुणे-मिरज लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याच्या स्मरणार्थ बांधलेली मशीद आणि कबर ही येथील जुनी वास्तू. याच गावाशी नाते असलेल्या घराण्यात २८ ऑक्टोबर १८९३ रोजी शंकर केशव कानेटकर यांचा जन्म झाला. मराठी वाचक त्यांना 'कवी गिरीश' या नावाने ओळखतात.

गिरीश हे व्यवसायाने शिक्षक. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. 'अभागी कमल', 'कला' आणि 'आंबराई' ही खंडकाव्ये, 'कांचनगंगा' आणि 'फलभार' हे कवितासंग्रह आणि मित्र माधव जूलियन यांचे चरित्र, असा त्यांचा लेखनसंसार आहे. हे सारे पूर्णवेळ नोकरी सांभाळून झाले. ते कसे शक्य झाले, याचे उत्तर त्यांच्या मित्रमंडळात सापडते.

१९२३ मध्ये पुण्यात 'रविकिरण मंडळ' स्थापन झाले. श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि मनोरमाबाई रानडे हे दांपत्य, माधव जूलियन, यशवंत, गिरीश, वि. द. घाटे, ग. त्र्यं. माडखोलकर आदी मंडळी त्यात होती. रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र यायचे, नवी कविता वाचायची, तिच्यावर चर्चा करायची, असा परिपाठ होता. या बैठकीला आधी 'सन-टी क्लब' असे गमतीचे नाव होते. यातील बहुतेकांना चरितार्थासाठी नोकरी होती. माधव जूलियन फार्सीचे प्राध्यापक होते. सातारा जिल्ह्यातल्याच चाफळ येथे जन्मलेले यशवंत यांनी कारकुनी केली. कवितेवर पोट भरण्याची सोय यांपैकी कोणाचीच नव्हती.

या मंडळाच्या काव्यगुणांविषयी टीकाकारांचे मतभेद आहेत. आचार्य अत्रे यांनी 'झेंडूची फुले' या विडंबनकाव्याच्या संग्रहात या कवींची यथेच्छ थट्टा केली, हेही प्रसिद्धच आहे. तथापि वेळेच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले, तर या बैठकीची रचना विचार करण्याजोगी आहे. तिच्यात तीन गोष्टी पक्क्या होत्या. एक, वार ठरलेला होता. दोन, माणसे ठरलेली होती. तीन, रिकाम्या हाताने जाण्याची सोय नव्हती, काहीतरी नवे लिहून न्यावे लागे. रविवारी मित्र वाट पाहणार आहेत, या जाणिवेनेच बुधवारी रात्री लेखणी हातात घेतली जाते. एकट्याच्या संकल्पाला जे जमत नाही, ते चारचौघांच्या शिरस्त्याला जमते. मंडळाने कवितेच्या जाहीर गायनाची प्रथा महाराष्ट्रभर लोकप्रिय केली आणि आठवड्याच्या त्या मोजक्या तासांतून मराठी काव्याचा एक कालखंड उभा राहिला.

प्राध्यापकी आणि नाटक

गिरीशांचे पुत्र वसंत कानेटकर यांचा जन्म रहिमतपूरचा. त्यांचे शिक्षण सांगलीत झाले आणि पुढे नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात त्यांनी सुमारे पंचवीस वर्षे प्राध्यापकी केली. कादंबरीपासून सुरुवात करून ते नाटकाकडे वळले. 'वेड्याचं घर उन्हात' हे त्यांचे पहिले नाटक १९५७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यानंतर 'प्रेमा तुझा रंग कसा' (१९६१), 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२), 'मत्स्यगंधा' (१९६४), 'अश्रूंची झाली फुले' (१९६६) अशी एकाहून एक गाजलेली नाटके त्यांनी लिहिली. त्यांतील बरीच प्राध्यापकीच्याच काळातील आहेत. १९८८ मध्ये ठाणे येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९९२ मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरवण्यात आले.

नाशिकला राहून मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीसाठी लिहिणे, हे त्या काळात सोपे नव्हते. पण प्राध्यापकाच्या नोकरीला दोन अंगे असतात. एक म्हणजे वेळापत्रक निश्चित असते, तास कधी सुरू होणार आणि कधी संपणार हे वर्षाच्या आरंभीच कळते. दुसरे म्हणजे दिवाळीची आणि उन्हाळ्याची दीर्घ सुटी मिळते. गिरीश, माधव जूलियन, वसंत कानेटकर ही सारी नावे अध्यापनाशी जोडलेली आहेत, हा निव्वळ योगायोग नव्हे. पगाराचा आकडा जितका महत्त्वाचा, तितकीच कामाच्या वेळेची निश्चितताही महत्त्वाची असते. नोकरी निवडताना आजचा तरुण 'पॅकेज' विचारतो, वेळेविषयी विचारत नाही. विचारले तरी 'लवचिक वेळ' असे उत्तर मिळते आणि ती लवचिकता बहुधा एकाच बाजूने ताणली जाते.

छंद हाच व्यवसाय होतो तेव्हा

कानेटकरांच्या नाटकांशी निगडित आणखी एक उदाहरण साताऱ्याचेच आहे. १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यात जन्मलेले डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घसा तज्ज्ञ. पुण्यात वैद्यकीय व्यवसाय करताना ते भालबा केळकर यांच्यासह प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेत नाटके करीत. 'वेड्याचं घर उन्हात' याच संस्थेने रंगभूमीवर आणले आणि त्यात लागूंची प्रमुख भूमिका होती. पुढे परदेशात उच्च प्रशिक्षण आणि आफ्रिकेत टांझानियात वैद्यकीय सेवा, असा प्रवास करून ते परतले. १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिशीच्या सुमारास, त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ अभिनय पत्करला. त्यांचे पहिले व्यावसायिक नाटक होते वसंत कानेटकरांचे 'इथे ओशाळला मृत्यू'.

'मनाचा कौल ऐका, नोकरी सोडा' असा सल्ला देणारे लागूंचे उदाहरण हटकून देतात. मात्र त्यातील कालावधीकडे दुर्लक्ष होते. हौशी संस्थेची स्थापना १९५१ च्या सुमाराची आणि व्यवसाय सोडला १९६९ मध्ये. मधल्या काळात हा छंद वारंवार प्रेक्षकांसमोर तावून-सुलाखून निघाला होता आणि हातात परत जाता येईल असा व्यवसायही होता. 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या आणि 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी गाजवणारे डॉ. काशिनाथ घाणेकर हेही दंतवैद्य होते. म्हणजे छंद व्यवसायाच्या तोलाचा झाला आहे की नाही, याची परीक्षा राखलेल्या वेळातच देता येते. त्याआधी घेतलेली उडी पुष्कळदा केवळ नकोशा नोकरीतून सुटका असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. छंदाचा व्यवसाय झाला की तो छंद उरत नाही. त्यालाही तारखा, दौरे, करार आणि स्पर्धा चिकटते. ज्याला रविवारी नाटक करायचे होते, त्याचा रविवार आता कामाचा दिवस होतो. समतोलाचा प्रश्न सुटत नाही, तो नव्या रूपात समोर येतो.

हिमालय आणि सावली

या प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू कानेटकरांनीच रंगभूमीवर आणली. 'हिमालयाची सावली' हे नाटक १९७२ चे. महर्षी धोंडो केशव कर्वे आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांच्या जीवनावरून ते सुचले आहे. नाटकातील नानासाहेब भानू यांची भूमिका डॉ. लागूंनी आणि त्यांच्या पत्नीची, बयोची, भूमिका शांता जोग यांनी अजरामर केली.

मूळ चरित्रच विलक्षण आहे. कर्वे १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. आश्रम हिंगण्याला गेल्यावर महाविद्यालयातील काम उरकून ते पुण्याहून हिंगण्यापर्यंत पायी जात. साठवलेले पैसे त्यांनी संस्थेला दिलेच, पाच हजार रुपयांची विमा पॉलिसीही संस्थेच्या नावे केली. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ मध्ये त्यांना 'भारतरत्न' मिळाले.

कर्व्यांच्या कार्याची थोरवी वादातीत आहे. परंतु हा एवढा वेळ, पैसा आणि शक्ती कोणाच्या वाट्यातून आली? घरखर्च, मुलांचे संगोपन, समाजाचा बहिष्कार सोसणे, हे सारे घर चालवणाऱ्या स्त्रीच्या अंगावर आले. स्वतः आनंदीबाईंनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले होते. त्यांचे आत्मकथन 'माझे पुराण' या नावाने प्रसिद्ध आहे आणि ते वाचल्यावर हिमालयाइतकीच त्याची सावलीही मोठी होती, हे उमगते. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मध्येही राजा आणि पिता या दोन भूमिकांतील ताण हाच कानेटकरांचा विषय आहे. बाहेरच्या कर्तृत्वाची किंमत घरातले कोणीतरी मोजत असते, हे त्यांनी पुनःपुन्हा दाखवले.

कर्व्यांचे ध्येय समाजाचे होते. आजच्या करिअरचे ध्येय बहुतांशी व्यक्तिगत असते. घरच्यांच्या वेळावरचा भार मात्र तसाच असतो, आणि त्यामागे कर्व्यांइतके मोठे समर्थनही नसते.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण २०१९ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये केले. सहा वर्षांवरील लोकांनी संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमे आणि खेळ यांवर २०१९ मध्ये दिवसाचा ९.९ टक्के वेळ घालवला होता. २०२४ मध्ये हे प्रमाण ११ टक्क्यांवर गेले. म्हणजे सरासरी अडीच तासांहून अधिक. 'वेळच नाही' या तक्रारीशी हा आकडा जुळत नाही, असे वरवर वाटेल. पण हा वेळ सलग नसतो. दहा मिनिटे लोकलमध्ये, पंधरा मिनिटे जेवताना, अर्धा तास झोपण्यापूर्वी, असा तो चुरा होऊन हाती येतो आणि मोबाइलच्या पडद्यावर सांडून जातो. अक्षरशः फावलेला वेळ.

याच सर्वेक्षणातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया २०१९ मध्ये त्यासाठी दिवसाला २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांचीही नऊ मिनिटे कमी झाली. दोघांतील दोनशे मिनिटांची दरी जवळपास तशीच राहिली. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या समतोलाची चर्चा या दोनशे मिनिटांना वगळून करता येत नाही. साहित्यिक बैठकीत कविता कोणी वाचली याची नोंद इतिहासात राहते, चहा कोणी केला याची राहत नाही.

अतिकामाचे परिणाम शरीरावरही होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यूंशी दीर्घ कामाच्या तासांचा संबंध जोडण्यात आला. भारतात मात्र २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास आणि २०२५ मध्ये नव्वद तास काम करावे, अशी विधाने बड्या उद्योगांच्या धुरीणांनी केली आणि त्यावर मोठा वाद झाला.

कायदा कुठवर पुरतो?

कायद्याने चौकट मिळते. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला आणि त्याच्या बदल्यात कामाची रोजची वेळ ४५ मिनिटांनी वाढवली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तास, तर दुकाने व आस्थापनांतील ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेच ठेवून दिवसाचे तास वाढवण्याचा हा मार्ग उद्योगांना सोयीचा वाटतो. कामगार संघटनांचा त्याला विरोध आहे, कारण बारा तासांच्या पाळीला जाण्या-येण्याचे तास जोडले, तर त्या दिवसापुरते घर म्हणजे केवळ झोपायची जागा उरते.

कचेरीतून बाहेर पडल्यावरही काम पाठ सोडत नाही, हा मोबाइल युगाचा नवा प्रश्न. फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काला उत्तर न देण्याच्या हक्काची तरतूद केली. भारतात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच आशयाचे खासगी विधेयक मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. आपल्याकडे खासगी विधेयकांचे कायद्यात रूपांतर क्वचितच होते. तरीही कामाला शेवट असावा, हा लोखंडे यांचा आग्रह यानिमित्ताने पुन्हा संसदेच्या पटलावर आला, हे महत्त्वाचे.

कायद्याला मर्यादाही आहेत. कुरिअर आणि खाद्यपदार्थ पोहोचवणारा तरुण, कंत्राटी सफाई कामगार किंवा घरकाम करणारी स्त्री यांना रविवार अजूनही पूर्णपणे मिळालेला नाही. प्राध्यापक, डॉक्टर यांची उदाहरणे त्यांना जशीच्या तशी लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी समतोल हा सवयीचा प्रश्न नाही, तो वेतनाचा आणि हक्काचा प्रश्न आहे.

वेळ कसा राखावा?

ज्यांच्या हाती थोडीफार निवड आहे, अशा शहरी नोकरदारांना वरील उदाहरणांतून काही धडे घेता येतील.

वार ठरवा: 'वेळ मिळाला की' हे शब्द टाळावेत. आठवड्यातील एक ठरावीक वेळ, मग ती दोन तासांचीच का असेना, कचेरीच्या बैठकीप्रमाणे दिनदर्शिकेत नोंदवावी. काम हे त्यासाठी उपलब्ध असलेला सगळा वेळ व्यापते, असे सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहिले. कुंपण नसेल तर काम आवारात शिरतेच.

माणसे ठरवा: एकट्याने घेतलेला गाण्याचा, वाचनाचा किंवा व्यायामाचा संकल्प महिन्याभरात ढेपाळतो. सोबती असतील तर तो शिरस्ता होतो.

तुकडे जोडा: रोजची वीस मिनिटे इकडे-तिकडे घालवण्यापेक्षा आठवड्यात सलग अडीच तास मिळवणे अधिक फलदायी. लेखन, वादन, चित्रकला यांसारख्या गोष्टींना रंग चढायलाच अर्धा-पाऊण तास लागतो.

घराचा हिशेब मांडा: पतीचा ट्रेकिंगचा रविवार पत्नीच्या दुप्पट कामाच्या रविवारावर उभा असेल, तर तो समतोल नव्हे. दोघांच्याही राखीव वेळा आळीपाळीने ठरवाव्यात. घरातील ज्येष्ठ आणि मुले यांनाही त्या माहीत असाव्यात.

नोकरी निवडताना वेळ विचारा: पगार, पद आणि बढती यांच्याबरोबरच सुटीच्या दिवशी येणारे फोन, प्रवासाचे तास आणि पाळीची निश्चितता यांचीही चौकशी करावी. दोन वर्षे धावपळ करून एखादा टप्पा गाठायचा असेल, तर तसे घरात सांगून, मुदत ठरवून करावे. मुदत नसलेली धावपळ ही तात्पुरती नसते.

प्रत्येक छंदाला व्यवसाय करू नका: जे काम केवळ आनंदासाठी करता येते, त्याला उत्पन्नाच्या तराजूत घालण्याची घाई नको. ते त्या तोलाचे झाले, तर वेळ येताच कळते.

अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० मध्ये असे भाकीत केले होते, की शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि मोकळ्या वेळाचे करायचे काय, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असेल. ती शंभर वर्षे आता भरत आली आहेत. यंत्रे वाढली, उत्पादन वाढले, तास मात्र त्या प्रमाणात घटले नाहीत. यंत्राने वाचवलेला वेळ माणसाच्या पदरात आपोआप पडत नाही, हाच त्याचा अर्थ. तो १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर मागावा लागला आणि रविकिरण मंडळाच्या चहाच्या बैठकीत सांभाळावा लागला. आजही तो आधी मागावा लागतो, मग सांभाळावा लागतो. आणि घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला तो येतो आहे ना, हे तपासत राहावे लागते.